कै. दादासाहेब फाळके व त्यांच्या आगकाड्या

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या हस्तकला-प्रदर्शनात इयत्ता नववीतील चौघा विद्यार्थ्यांनी खेळण्यातील प्लास्टिकच्या विटा एकमेकींत बसवून एक प्रचंड यंत्रपुरुष उभा केला होता, हे आमच्या बहुतेक वाचकांच्या स्मरणात असेलच. जपानात १९७९ साली निघालेल्या एका चित्रमालिकेतील गंडाम नावाचा तो यंत्रपुरुष. कथेत त्याची उंची १८ मीटर सांगितली आहे, आणि योकोहामाच्या बंदरात २०२० पासून २०२४ पर्यंत त्याच मापाची एक हालती प्रतिकृती खरोखरच उभी होती. आमच्या विद्यार्थ्यांनी एकास पंधरा हे प्रमाण धरले. म्हणजे १२० सेंटिमीटर उंची झाली. आणि एका विटेची उंची ९.६ मिलिमीटर असल्यामुळे बरोबर १२५ थर लागणार, हे त्यांनी आलेखाच्या कागदावर आधी मांडून घेतले. विटा घरोघर मागून आणल्या, रंग निवडून घेतले, आणि दोन महिने शाळा सुटल्यावर ते या उद्योगास लागले. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी खांद्यांचा भार न सोसून यंत्रपुरुषाचा डावा घोटा निखळला व कमरेपर्यंतचा भाग जमिनीवर विखुरला. दुपारपर्यंत त्यांनी तो पुन्हा उभारला खरा, परंतु उभा नव्हे, तर एका खोक्यावर बसविलेला. पाहावयास आलेल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी त्याकडे पाहून, नववीच्या मुलांनी दोन महिने असल्या पोरखेळात घालवावे याबद्दल आमच्यापाशी आश्चर्य व्यक्त केले. मुलांनी ते ऐकले. त्यांपैकी एकाचा चेहरा आम्हांस अजून दिसतो.

त्या वेळी आम्हांस उत्तर सुचले नाही. नंतर सुचले ते असे की, पंचेचाळीस वर्षे वयाचा, चार मुलखांत नाव झालेला, कर्जाने गांजलेला एक मनुष्य १९१५ साली नाशिकास मेजावर आगकाड्या मांडीत बसला होता, त्यास हे गृहस्थ काय म्हणाले असते? त्या मनुष्याचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या नावाचे पारितोषिक दरसाल दिले जाते. परंतु पारितोषिकाचे नाव सर्वांच्या तोंडी झाले की माणूस विसरला जातो, असा अनुभव आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृताचे मोठे पंडित. मुलानेही शास्त्री व्हावे, ही त्यांची इच्छा स्वाभाविकच होती, आणि लहानपणी धुंडिराजास त्यांनी घरीच धडे दिले. पुढे दाजीशास्त्र्यांस मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले व कुटुंब मुंबईस आले. विल्सन कॉलेज हे स्कॉटिश मिशनचे. त्र्यंबकचा शास्त्री मिशनच्या विद्यालयात वेदभाषा शिकवितो, आणि त्याच्या त्या नोकरीमुळे त्याच्या मुलास मुंबई पाहावयास मिळते, हा योगायोग आम्हां मिशनच्या शाळांत वाढलेल्या लोकांस गोड वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. कारण मुंबईस आल्यावर शास्त्रीपण मागे राहिले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व चित्रकलेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला.

पुढल्या वर्षी ते थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या त्या नगरीत पुढे कलाभवन नावाची संस्था निघाली आणि प्रा. गज्जर हे तिचे प्रमुख होते. तेथे फाळक्यांनी काय काय शिकून घेतले याची नुसती यादी केली तरी मन थक्क होते. तैलरंग, जलरंग, वास्तुकला, मातीकाम, छायाचित्रण, आणि पुढे रतलामला जाऊन तिरंगी ठसे करण्याची व शिळाछापाची विद्या. एखादा विद्यार्थी इतक्या ठिकाणी हात घालतो तेव्हा आम्ही शिक्षक सामान्यतः मान हलवितो. हा एकही गोष्ट धड करणार नाही, असे आमचे भाकीत असते. फाळक्यांच्या बाबतीत ते भाकीत पुष्कळ वर्षे खरे ठरल्यासारखे दिसत होते.

परंतु एक गोष्ट त्या वेळीच दिसून आली होती. १८९२ साली अहमदाबादेस औद्योगिक प्रदर्शन भरले, त्यात फाळक्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून ठेविली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. वयाची बावीस वर्षे! नाट्यगृहाची प्रतिकृती करणे म्हणजे घरकुल मांडणे नव्हे. शेवटच्या रांगेतील मनुष्यास रंगभूमी दिसेल की नाही, पडदे वर कोठे जातील, नट आत कोठून येतील, उजेड कोठून पडेल, या साऱ्याचा विचार वीतभर लांकडात करावा लागतो. जो तसा विचार करू शकतो त्यास मोठी वस्तू उभी राहण्यापूर्वीच मनाने तीत हिंडता येते. आमच्या विद्यार्थ्यांनी आलेखाच्या कागदावर १२५ थर मांडले, तेव्हा ते हेच करीत होते. फक्त घोट्याच्या सांध्यावर किती वजन येईल हे कागदास सांगता आले नाही. या पदकामुळे फाळक्यांच्या एका चाहत्याने त्यांस एक मोलाचा छायाचित्रणाचा कॅमेरा भेट दिला, आणि त्यांच्या आयुष्याला ते वळण लागले.

यापुढील वीस वर्षे आम्ही थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेक हालअपेष्टांची आहेत. १८९५ साली ते गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा करू लागले. तेथे प्लेगमध्ये त्यांची पत्नी व मूल ही दोघेही गेली. बडोद्यास परतल्यावर धंदा चालेना. कॅमेऱ्यापुढे बसल्याने अंगातील शक्ती ओढून घेतली जाते व आयुष्य उणावते, अशी लोकांची समजूत होती. मग त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगाराकडून जादूचे खेळ शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते खेळ करूनही दाखविले. १९०२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. वधू गिरिजा करंदीकर, सासरचे नाव सरस्वती. या बाईंविषयी पुढे पुष्कळ सांगावयाचे आहे. १९०३ साली पुराणवस्तु-संशोधन खात्यात छायाचित्रकार व आरेखकाची नोकरी मिळाली. ती १९०६ साली सोडून लोणावळ्यास छापखाना काढला. तेथून तो छापखाना दादरास आला, नवे भागीदार मिळाले, नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाले, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली जर्मनीची यात्रा झाली, काम नावाजले गेले, आणि १९११ साली भागीदारांशी बेबनाव होऊन फाळके रित्या हातांनी बाहेर पडले. भागीदारांशी न पटणे हा त्यांच्या आयुष्यातील वारंवार येणारा प्रसंग आहे, याची वाचकांनी येथेच नोंद घ्यावी.

याच वर्षी ईस्टरच्या दिवसांत ते मुंबईस गिरगावात चलच्चित्रे पाहावयास गेले. आदल्या दिवशी मुलास घेऊन गेले होते, तेव्हा पडद्यावर जनावरे हिंडताना दिसली. घरी सांगितले तर कोणास खरे वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सर्व कुटुंबास घेऊन गेले. परंतु ईस्टर असल्यामुळे त्या दिवशी प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट लावला होता. तो पाहत असता फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम व कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभी राहिली, आणि आपल्या देशातील ही चरित्रे अशीच पडद्यावर आली पाहिजेत या विचाराने त्यांस घेरले. आमच्या समाजातील काही मंडळी ही कथा मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हांस तीत अभिमानापेक्षा दुसरेच काही दिसते. एका धर्माची पवित्र कथा पाहून दुसऱ्या धर्माच्या मनुष्यास स्वतःच्या पवित्र कथेची आठवण व्हावी, आणि त्या आठवणीने त्याच्या हातून काम व्हावे, यात कोणाचा जय नाही आणि कोणाचा पराजयही नाही.

यानंतर फाळक्यांस दुसरे काही सुचेनासे झाले. रोज रात्री चार-पाच तास चित्रगृहांत घालवावे, घरी येऊन मेणबत्त्या, भिंगे व एक खेळण्यातील प्रक्षेपक घेऊन प्रयोग करावे, असा क्रम चालला. खेळण्यातील प्रक्षेपक, हे शब्द आम्ही जाणून लिहिले आहेत. झोप नाही, विश्रांती नाही. अखेर दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली, पण पुष्कळ चष्मे लागले. दृष्टी परत येताच त्यांनी बारा हजारांची विम्याची पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले व १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेची बोट गाठली. लंडनमध्ये ओळख ना देख. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची पाटी पाहून ते त्याच्या कचेरीत शिरले; संपादक कॅबोर्न यांनी प्रथम त्यांस या धंद्यात पडू नये असे समजाविले, पण मग त्यांची तळमळ पाहून सेसिल हेपवर्थ या नामांकित चित्रपटकर्त्याकडे पाठविले. हेपवर्थच्या वॉल्टन येथील चित्रशाळेत त्यांनी सर्व खाती पाहिली. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा, कोरी फीत व फितीस छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन १ एप्रिल १९१२ रोजी ते परत आले.

आता भांडवल हवे. आणि भांडवलवाल्यांस काही दाखविल्यावाचून ते कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले व कॅमेरा तिच्यापुढे पक्का बसविला. महिनाभर त्या कुंडीवरून कॅमेऱ्याची नजर हलली नाही. ठरल्या अंतराने एकेक चित्र घ्यावयाचे व थांबावयाचे. फीत पडद्यावर सोडली तेव्हा माती उकलून अंकुर वर आला, पाने फुटली, वेल वर चढला, आणि हे सर्व पाहता पाहता झाले. हा त्यांचा पहिला चित्रपट. अंकुराची वाढ हे त्याचे नाव. यात नट नाही, कथा नाही, देव नाही. आहे तो केवळ वेळ, आणि त्या वेळेचे केलेले बारीक तुकडे. आमच्या मते फाळक्यांची सगळी विद्या या कुंडीत आहे.

त्यानंतर राजा हरिश्चंद्र. त्याची हकीकत शाळेच्या पुस्तकांतही येते, म्हणून आम्ही मुख्य गोष्टीच सांगतो. दादरास मथुरा भवनात काम चालले. सहा महिने सत्तावीस दिवस लागले. बायका नट मिळेनात म्हणून अण्णा साळुंके नावाचा एका उपाहारगृहातील स्वयंपाकी तारामती झाला. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांस दाखविला गेला. परंतु एक हिशोब शाळेच्या पुस्तकांत नसतो, तो आम्ही वर्गात फळ्यावर करून दाखविला. चित्रपटाची लांबी ३,७०० फूट. फितीच्या एका फुटावर १६ चित्रे बसतात, म्हणजे एकंदर ५९,२०० चित्रे. विलायतेहून येणारी कोरी फीत छिद्रे न पाडलेली असे. प्रत्येक कडेस फुटाला ६४ छिद्रे, म्हणजे एवढ्या लांबीस एकेका कडेला २,३६,८०० छिद्रे पाडावयाची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फीत फुकट. हे काम सरस्वतीबाई करीत. फीत धुण्याची रसायनक्रियाही त्या शिकल्या, दागिने त्यांनी दिले, आणि कंपनीतील सारी माणसे त्यांच्याच हातचे जेवीत. एका वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर पाठीमागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले की, चित्रपटाच्या पाटीवर बाईंचे नाव होते काय. आम्ही पुढचा आकडा लिहावयास घेतला.

हरिश्चंद्राच्या यशानंतर कंपनी नाशिकास गेली. मोहिनी भस्मासुर व सत्यवान सावित्री हे पट झाले, आणि ते तिन्ही घेऊन १९१४ साली फाळके पुन्हा लंडनास गेले. तेथे वाहवा झाली, तेथेच राहून काम करण्याची बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली. इतक्यात महायुद्ध पेटले. परत येतात तो पैशाचे झरे आटलेले, धनको दाराशी, माणसांचे पगार थकलेले. मोठा चित्रपट काढण्याची ताकद उरली नाही. अशा वेळी दुसरा मनुष्य हात जोडून बसला असता. फाळक्यांनी आगपेटी उघडली.

आगकाड्यांची मौज हा तो लहानसा चित्रपट. फ्रान्सात एमिल कोल याने १९०८ साली आगकाड्यांचा असा एक चित्रपट केला होता. तेव्हा कल्पना सर्वस्वी नवी होती असे म्हणता येणार नाही, पण या देशात निर्जीव वस्तू अशा चालविण्याचे धाडस प्रथम यांनीच केले. कृती समजण्यास सोपी आहे. कॅमेरा मेजाच्या अंगास असा बसवावयाचा की तो केसभरही हलणार नाही. काड्या मांडून एक आकृती करावयाची. एकच चित्र घ्यावयाचे. एक काडी जवभर सरकवावयाची. पुन्हा एक चित्र. सेकंदास सुमारे सोळा चित्रे धावतात, म्हणून एका मिनिटाच्या खेळास साडेनऊशेंहून अधिक वेळा हात मेजावर न्यावा व मागे घ्यावा लागतो. मध्येच मेजास धक्का लागला, किंवा ढग येऊन ऊन मंदावले, तर पडद्यावर काड्या दचकतात व उजेड लुकलुकतो. आणि हे कळते फीत धुतल्यावर, तोपर्यंत आकृती मोडून गेलेली असते. खोडून पुन्हा लिहिण्याची सोय या विद्येत नाही.

येथे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांच्या यंत्रपुरुषाकडे क्षणभर वळतो, कारण दोन्ही उद्योगांची जात एक असून अडचणी मात्र उलट आहेत. दोन्हींत सारखे, क्षुद्र, बाजारात कोठेही मिळणारे तुकडे घेऊन माणसासारखी आकृती करावयाची असते. तुकड्याला स्वतःचे रूप नसते, म्हणूनच त्यातून वाटेल ते रूप काढता येते. परंतु विटांच्या पुरुषास उभे राहावे लागते. त्याचा शत्रू वजन. खांदे रुंद केले की घोटे रडतात, घोटे जाड केले की डौल जातो. मेजावर आडव्या पडलेल्या काड्यांच्या माणसास वजन नाही, तो कधीच पडत नाही. त्याचा शत्रू काळ. विटांचा पुरुष उभा राहतो पण हालत नाही; काड्यांचा माणूस हालतो पण फितीबाहेर तो कधी नव्हताच. फाळक्यांनी नाण्यांचाही असाच एक खेळ केला, लक्ष्मीचा गालिचा या नावाचा. खिशात नाणी नसता पडद्यावर नाणी नाचविणे, यात थोडी थट्टाही असावी असे आम्हांस वाटते.

हे खेळ पोटासाठी होते, हात मोडू नये म्हणून होते, आणि लोकांस हसू यावे म्हणूनही होते. पण त्या मेजावर जो हात तयार झाला तो पुढे मोठ्या कामी आला. १९१७ साली लंकादहन निघाला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि हनुमान आकाशातून उडाला. लोकांची इतकी झुंबड उडाली की, मद्रासेकडे तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून पहाऱ्यात न्यावी लागली असे सांगतात. १९१९ सालच्या कालियामर्दनात फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली व डोहात भल्या मोठ्या बनविलेल्या सर्पाशी झुंजली. ते पाहणाऱ्यास सर्प बनविलेला आहे हे कळते, आणि तरीही मुलीसाठी जीव धास्तावतो. प्रतिकृती करणाऱ्याचे खरे यश ते हेच.

आता या चरित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. १९१८ साली धनिक भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. पैशाची विवंचना मिटली, आणि लगेच हिशोब, वेळापत्रके व अधिकार यांवरून कलह सुरू झाला. अल्पावधीतच फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीस गेले. तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. मग मन वळविल्यावर परत आले, पुन्हा काम केले, आणि पुन्हा बाहेर पडले. बहुतेक चरित्रकार येथे भागीदारांस दोष देऊन मोकळे होतात. आम्हांस ते पुरते पटत नाही. ज्याने कॅमेरा स्वतः चालविला, पडदे स्वतः रंगविले, मुलांस नट केले, पत्नीकडून फीत करविली आणि काड्यासुद्धा स्वतःच्या बोटांनी सरकविल्या, त्यास दुसऱ्याच्या हाती काम सोपविणे हा जणू अपमान वाटे. त्यांचे मोठेपण व त्यांचे दुर्दैव एकाच मुळातून आले. सारे हाताने करणारा मनुष्य काम वाढले की एकटा पडतो.

इतक्यात चित्रपट बोलू लागला. १९३१ साली आलम आरा आला. फाळक्यांचा सेतुबंधन हा मूकपट तयार होईपर्यंत लोकांस मूकपट नकोसे झाले होते. त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. साठी उलटलेल्या त्या कारागिराची सारी विद्या डोळ्यांची होती, आणि बाजार कानांचा झाला होता.

या वेळी त्यांस आमच्या करवीरनगरीने बोलाविले. कोल्हापूर हे चित्रपटाच्या बाबतीत कोणाचे मिंधे नव्हते. आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी फाळक्यांचा हरिश्चंद्र पाहून येथेच स्वतःचा कॅमेरा घडविण्याचे मनात घेतले, आनंदराव १९१६ साली वारल्यावर बाबूरावांनी तो पुरा केला, ती कथा स्वतंत्र लेखाची आहे व पुढेमागे आम्ही ती लिहू. प्रभात कंपनी १९२९ साली येथेच निघाली. ती १९३३ साली पुण्यास गेल्यावर राजाराम महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोन ही संस्था उभी राहिली. पुढे हीच वास्तू भालजी पेंढारकरांकडे जाऊन जयप्रभा स्टुडिओ म्हणून प्रसिद्ध झाली. या सिनेटोनसाठी फाळक्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. त्यास सुमारे दोन वर्षे व अडीच लाखांच्या घरात खर्च लागला, आणि १९३७ साली तो मुंबईस लागला. त्या वेळी त्यांचे वय सदुसष्ट वर्षांचे होते. स्वर्गातून गंगा उतरते व शंकराच्या जटांत सामावते, ही कथा त्यांनी निवडली यात आश्चर्य नाही. युक्तिदृश्यांस इतका वाव देणारी दुसरी कथा क्वचितच मिळेल. परंतु येथे ध्वनिलेखक निराळा, छायालेखक निराळा, संगीताचे खाते निराळे. दहा हजारांच्या गहाणखतावर सर्व संसार उभा करणाऱ्यास आता अडीच लाख मिळाले, आणि कॅमेऱ्याचा दांडा मात्र त्याच्या हाती राहिला नाही. तो त्यांचा पहिला व शेवटचा बोलपट. त्यानंतर ते नाशिकास परतले, आणि हलाखीत दिवस काढून १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच परलोकवासी झाले.

सुमारे ९५ चित्रपट व २७ लघुपट त्यांच्या नावावर मोजतात. भारत सरकारने त्यांच्या नावाचे पारितोषिक १९६९ सालापासून सुरू केले. चित्रपट मात्र बहुतेक गेले. कचकड्याची जुनी फीत काळाने विरते व ठिणगी लागली तर भडकते. राजा हरिश्चंद्राच्या चारांपैकी काही भागच आज उरला आहे, आणि आगकाड्यांची मौज हरवलेल्यांत गणली जाते. मात्र एक लहान पट वाचला आहे. चित्रपट कसे तयार करतात हे लोकांस दाखविण्यासाठी फाळक्यांनी १९१७ साली तो काढला. त्यात ते स्वतः कामात गढलेले दिसतात, नटांस शिकविताना आणि फीत तपासताना.

गेल्या महिन्यात आम्ही तो त्या चौघा विद्यार्थ्यांस दाखविला. चित्रे अंधुक आहेत व मधून मधून तुटतात. संपल्यावर कोणी काही बोलले नाही. मग ज्याचा चेहरा आम्ही वर सांगितला त्याने, फीत तपासण्याचा भाग पुन्हा लावावा व थोडा सावकाश लावावा, अशी विनंती केली.